अठरा-एकोणीसचा पाना

मेस्तांनू,

तुमच्या फोटोखाली लावायच्या फलकासाठी चार ओळी लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं आहे. या महिन्यात तुम्हाला जाऊन दहा वर्षं होतील. तुमच्या चिरंजीवांनी आपल्या बोटींच्या इंजिनांच्या गॅरेजात काचेची केबिन बांधली आहे. तिच्या बाहेरच्या भिंतीवर तुमचा मोठा फोटो लागणार, हार पडणार, देवाला गाऱ्हाणं घालून नारळ फुटणार. ओळी मीच का लिहायच्या, तर माझं शुद्धलेखन बरं आहे म्हणून. शाळा नववीत सुटली, पण ऱ्हस्वदीर्घ चुकलं की मला दिवसभर चैन पडत नाही, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. बिलावर 'पिस्टन' नीट लिहिलं म्हणून तुम्ही मला पंडित म्हणायला लागलात आणि मरेपर्यंत दुसरी हाक मारली नाहीत. चिरंजीवांनी नमुना म्हणून एक वाक्य तोंडी सांगितलं: 'ज्यांचा शब्द या गॅरेजात अखेरचा होता.' मी ते लिहिलं, दोनदा वाचलं. वाक्यात चूक एकही नाही. खोटंही नाही. तरी ते माझ्या हातून फलकावर जाईना, म्हणून हे तुम्हालाच लिहितो आहे. तुमच्यापर्यंत ते पोचायचं नाही, हे बरंच आहे. तुम्ही ते वाचून दाखवायला मलाच सांगितलं असतं आणि दुसऱ्या ओळीला 'गप ऱ्हव' म्हणाला असतात.

तुमच्या गॅरेजात काम कसं चालायचं ते आधी सांगतो, कारण तुम्ही खुर्चीत बसलेले असायचात, त्यामुळे तुम्हाला ते कधी दिसलं नाही. खुर्ची एकच होती. गिऱ्हाईक असो की पाहुणा, बाकीच्यांनी उभं राहायचं नाहीतर पालथ्या डब्यावर टेकायचं. चहा आधी तुम्हाला, बशीसकट. मग मोठ्या मेकॅनिकला, मग त्याच्याखालच्याला, आणि शेवटी मला. सकाळी तुम्ही येऊन इंजिनावर हात ठेवल्याशिवाय कोणी एक बोल्टही सैल करायचा नाही. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. कुणीतरी कुलूप उघडायला लागतं, कुणीतरी कामं वाटून द्यायला लागतात, आणि चहा कुणाला तरी शेवटी मिळणारच. मान द्यायला माझं काही जात नव्हतं. पण तुम्ही खुर्चीतूनच, दहा पावलांवरून, डोळे बारीक करून इंजिनाकडे बघायचात आणि म्हणायचात, "अठराचो लाव रे." नट एकोणीसचा असायचा. आपल्याकडे येणाऱ्या कुठल्याच इंजिनावर अठराचा नट नसायचा, सतराचे आणि एकोणीसचेच असायचे. हे तुम्ही सोडून सगळ्यांना माहीत होतं.

मग काय व्हायचं, ते ऐका. मोठा मेकॅनिक, जो तुमच्याकडे माझ्या जन्माआधीपासून होता, तो पाना उचलायचा. पान्याला दोन तोंडं, एक अठराचं, एक एकोणीसचं. तो अठराचं तोंड नटावर धरायचा. ते चढायचं नाही, चढणारच नाही. तरी तो मनगट फिरवल्यासारखं करायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "घट्ट आसा, मेस्तांनू." तुम्ही समाधानाने विडी पेटवायला मान वळवायचात. तेवढ्यात पाना हातातल्या हातात उलटा व्हायचा, एकोणीसचं तोंड बसायचं आणि नट सुटायचा. "सुटलो," तो म्हणायचा. "सुटतलोच," तुम्ही म्हणायचात. मी नवीन असताना एकदा बोललो, "पण तो अठराचो नाय." त्याने मला बाहेर नेलं, चिडला नाही, उलट समजावलं. "अरे पंडिता, अठराचो नाय ह्या कुत्र्याक पण कळता. मेस्तांनी सांगितल्यार आदी अठराचो लावचो. मगे व्हयो तो लाव. तुजा काय जाता?" तो पाना अजून भिंतीवर आहे. त्याचं एकोणीसचं तोंड झिजून गुळगुळीत झालं आहे आणि अठराचं दुकानातून आणल्यासारखं कोरं. चिरंजीव फोटोच्या बाजूला तुमची हत्यारं मांडणार आहेत. तो पाना मांडला, तर मी फलकावर काही लिहायची गरजच नाही.

तुम्हाला काही येत नव्हतं, असं मी म्हणत नाही. तसं असतं तर सोपं होतं. तुम्हाला येत होतं, आणि बसून नव्हे, उठून कान लावलात तर या किनाऱ्यावर तुमच्याइतकं इंजिन कुणालाच कळत नव्हतं. तो लांब स्क्रू ड्रायव्हर, लाकडी मुठीचा, तुम्ही इंजिनावर टेकवायचात, मुठीला कान लावायचात आणि डोळे मिटायचात. तेव्हा तुमचा चेहरा वेगळा दिसायचा, काहीतरी विचारणाऱ्या माणसासारखा. पहिलं इंजिन मी एकट्याने उघडलं त्या दिवशी तुम्ही तो माझ्या हातात दिलात. "पंडिता, वाचूक येता मां तुका? आता ह्या वाच," म्हणालात. मला आयुष्यात मिळालेली ती एकच वस्तू, जी देताना कुणी मला लायक समजलं होतं. अजून तोच वापरतो. तुमच्याविषयीचा माझा तिटकारा त्यामुळे कमी होत नाही, वाढतो.

आता त्या दिवसाचं लिहितो. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती आणि रापण लागायला सुरुवात झाली होती. सकाळी तोंडवलीच्या वाळूत अर्धं गाव उभं आहे. होडीने जाळं अर्धगोल टाकून आणलं आहे, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर माणसांच्या हातात आहेत. डाव्या दोरावर तुम्ही आहात, लुंगी वर खोचून, कंबरभर पाण्यात, आणि तुमच्या मागे मी. सुरूच्या झाडांखाली वाळूच्या उंचवट्यावर तांडेल उभा आहे. त्याची स्वतःची एक बोट, तीही जुनी, पण पाण्याचा रंग बघून मासा कुठे वळतो आहे हे सांगणारा त्याच्यासारखा गावात दुसरा नव्हता. त्याने हात वर धरला की दोर धरून थांबायचं, हात खाली आला की ओढायचं. त्या दिवशी हात वरच राहिला. दोर हातात काचू लागला, लाटा छातीवर येऊ लागल्या. उजवीकडून कुणीतरी ओरडलं, "अरे ओढा, गेलो मासो!" दोन-चार जणांनी ओढायला सुरुवात केली. तेव्हा तुम्ही जे ओरडलात ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. "कोण रे तो? तेचो हात खाली येय्‌सर कोणी ओढूचा नाय! तेका दिसता. तुका दिसता काय? मगे गप धरून ऱ्हव!" सगळे थांबले. आणि तुम्हीही थांबलात, मेस्तांनू. नाकातोंडात पाणी जात होतं तरी मान वळवून त्या उंचवट्याकडे बघत, एखाद्या पोरासारखे. हात खाली आला. आपण ओढलं. जाळं इतकं भरून आलं की बायकांना टोपल्या पुरेनात. वाटे घालताना तुम्ही तांडेलाच्या पाठीवर थाप मारलीत आणि म्हणालात, "डोळे खंयसून हाडलंस रे, मेल्या?"

त्याच दिवशी, दुपारी, तांडेल गॅरेजात आला. अंगावरची वाळूही नीट झाडलेली नव्हती. तुम्ही खुर्चीत. तो दारात उभा, तुम्ही 'ये' म्हणण्याची वाट बघत. सकाळी ज्याच्या हाताकडे साठ माणसं डोळे लावून होती, तो हातात टोपी चुरगाळत उभा होता. बसायला डबाही कुणी पुढे केला नाही.

"काय?" तुम्ही म्हणालात.

"मेस्तांनू, इंजिनाचो आवाज बदललोहा."

"कसो बदललो?"

"रिकामी आसताना बरी चलता. मासो भरून खाडीत शिरताना, सुकतीचा पाणी समोरसून इला काय, आतसून ठक ठक करता. बारीक. पण करता."

तुम्ही मला इंजिन चालू करायला सांगितलंत. बोट गॅरेजाखालीच लागली होती, रिकामी, बांधलेली. मी चालू केलं. तुम्ही खुर्चीतून ऐकलंत. उठलाही नाहीत.

"खंय ठक ठक?"

"हयसर नाय येवचो. भरून जांवक व्हया. तुमी एकदा माझ्यावांगडा येवा, खाडीपर्यंत. अर्ध्या तासाचा काम."

मोठ्या मेकॅनिकने खाली मान घातली. तुम्ही विडी विझवलीत आणि म्हणालात, "मेस्त बोटीत जायत नाय. बोट मेस्ताकडे येता. आणि आयक, समुद्रातला तू माका सांग. इंजिनातला माका शिकवू नको. इंजिन माजा."

सगळे हसले. तुमचं वाक्य चांगलं होतं, आणि ते मला कितीतरी वर्षं बरोबरही वाटत होतं. प्रत्येकाचं आपापलं. ज्याला कळतं त्याने बोलावं. मग हळूहळू ध्यानात आलं की ते बरोबर दिसावं असंच बेतलेलं होतं. तांडेल इंजिन दुरुस्त करायला आलाच नव्हता. कुठलं बेरिंग गेलं, कुठला रॉड ढिला, हे तो सांगत नव्हता. त्याने एवढंच सांगितलं की मी हा आवाज रोज ऐकतो आणि आता तो वेगळा आहे. ते इंजिन दिवसभर त्याच्या पायांखाली धडधडायचं. त्याचा भरल्या बोटीतला आवाज जगात एकाच माणसाला माहीत होता, आणि तो माणूस तुमच्या दारात उभा होता. सकाळी तुम्ही म्हणालात, तेका दिसता. दुपारी, तेका ऐकाक येता, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. पण ते म्हणायला खुर्चीतून उठावं लागलं असतं आणि त्याच्या बोटीत त्याच्या समोर, फळीवर बसावं लागलं असतं. गॅरेज आणि ती वाळू यांच्यात फक्त एक रस्ता आणि माडांची एक ओळ आहे.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, पण तुम्ही ते नेहमी वेगळं सांगायचात, म्हणून मी लिहून ठेवतो. आठवडा गेला असेल. तांडेल मासे भरून परत येत होता, खाडीच्या तोंडाशी सुकतीविरुद्ध, ओहोटीच्या ओढीविरुद्ध, इंजिनाला जोर दिला आणि आतला रॉड तुटून इंजिन फोडून बाहेर आला. वारा किनाऱ्याकडे ढकलणारा. नांगर धरला नाही. बोट खडकांवर गेली. चौघे पोहून आले, कुणाचा जीव गेला नाही, याचं श्रेयही नंतर तुम्ही देवाला दिलंत आणि थोडं स्वतःला. फुटलेलं इंजिन वाळूत आणून ठेवलं. तुम्ही त्याच्याभोवती एक फेरी मारलीत आणि निकाल दिलात, "ऑईल बघूक नाय तेना." मी म्हटलं, "ऑईल मी बघलेलंय, मेस्तांनू. त्या दिवशी आपल्याकडे होती तेव्हा. फुल होता." तुम्ही माझ्याकडे पाहिलंतही नाही. "पंडिता, तुका कोणी इचारल्यान?" पुन्हा सगळे हसले. आणि ज्याची बोट फुटली होती तो, कपाळावर खडकाची जखम घेऊन बसलेला तांडेल, तोही कसनुसा हसला आणि म्हणाला, "नसात ऑईल. मेस्त म्हणतत मां." त्याने स्वतःवरचा आळ स्वतःच मान्य केला, कारण तो तुमच्याकडून आला होता. मला त्या क्षणी तुमच्यापेक्षा त्या हसणाऱ्यांची जास्त किळस आली. तुम्ही एकटे होतात. अठराचं तोंड नटावर धरणारे ते सगळे होते.

दुसरी बोट त्याला घेता आली नाही. आता तो एका टुरिस्ट बोटीवर पगारावर आहे. लोकांना डॉल्फिन दाखवायला नेतो. मासा दिसणारे डोळे आता 'दादा, इकडून फोटो काढा' यासाठी कामाला येतात.

मी बरीच वर्षं समजत होतो की तुम्हाला फरक कळत नव्हता. वरच्या जागेवर बसणं आणि एखादी गोष्ट कळणं, या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे तुम्हाला कुणी शिकवलं नसेल, असं म्हणून मी तुम्हाला सूट द्यायचो. मग ती सकाळ आठवायची. कंबरभर पाण्यात उभे राहून, दुसऱ्यांना दम देऊन, तुम्ही तोच फरक साठ माणसांना शिकवत होतात. म्हणजे कळत होता. मग वाळूत कळतो आणि रस्ता ओलांडून आलं की कळत नाही, असं का? मी याचा पुष्कळ विचार केला आहे. मला एकच उत्तर सापडलं आणि ते इतकं हलकं आहे की लिहायला लाज वाटते. रापणीत चुकीच्या वेळी दोर ओढला, तर तुमच्याही टोपलीत मासा येत नाही. गॅरेजात तुम्ही चुकलात, तर बोट दुसऱ्याची फुटते. बस, एवढंच. तुमचा सगळा दरारा, ती खुर्ची, ती बशी, या एवढ्याशा गोष्टीवर उभी होती.

आणि आता हे ऐका. गेल्या आठवड्यात तांडेल पुन्हा गॅरेजात आला. दारातच उभा राहिला, सवय. टुरिस्ट बोटीचं इंजिन आवाज करतं म्हणाला. "माणसां भरली काय येता. खालसून. घासल्यासारखो." चिरंजीव केबिनीतून बाहेर आले. ते तुमच्यासारखं मालवणीत ओरडत नाहीत, गिऱ्हाइकांशी शुद्ध मराठीत बोलतात. "काका, मागच्याच महिन्यात सर्व्हिसिंग झालंय. काही प्रॉब्लेम असता तर आमच्या टेक्निशियनला कळलं असतं ना?" तो टेक्निशियन म्हणजे मी. मी हात पुसले आणि तांडेलासोबत बोटीत गेलो. फळीवर त्याच्यासमोर बसलो. वाळूची पोती भरून घेतली होती, माणसांच्या वजनाइतकी. खाडीच्या तोंडापर्यंत गेलो, सुकतीविरुद्ध. तुमचा स्क्रू ड्रायव्हर टेकवून, मुठीला कान लावून, डोळे मिटून ऐकलं.

मला काहीही ऐकू आलं नाही.

"इलो?" तांडेल विचारतो.

"नाय."

"आता बघ. आता. इलो?"

"माका नाय येत तो."

त्याचा चेहरा बघून मला कळलं की तो 'जांव दी' म्हणणार आहे, तेव्हा कपाळावर जखम घेऊन 'नसात ऑईल' म्हणाला होता तसंच. मी त्याला म्हणू दिलं नाही. "माका येत नाय, तुका येता मां? मगे खोलतलंय," म्हटलं.

आणि काल मी इंजिन खोललं. बेरिंगं बघितली, रॉड बघितले, एकेक भाग पुसून मापला. मी कसा मापतो ते तुम्हाला माहीत आहे, त्यावरून तुम्ही मला कितीदा हसलात. सगळं ठीक. काही सापडलं नाही. बोटीच्या मालकाचे फोन येत राहिले, सुट्ट्यांचे दिवस, गर्दी, एक दिवस बोट बंद म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. चिरंजीव येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "इंजिन तुम्हाला कळतं, की त्याला?" तुमचंच वाक्य, फक्त आंघोळ करून आलेलं. मी इंजिन परत जोडलं. आज सकाळी तांडेल आणि मी पुन्हा गेलो. परत येताना त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, "आसा. अजून आसा." चिरंजीवांनी ते ऐकलं. बोट रविवारी फेऱ्यांना लागणार, असं मालकाला कळवून टाकलं आणि मला म्हणाले, आता त्या इंजिनाला पुन्हा हात लावलात तर गॅरेजाची चावी केबिनीत ठेवून जा.

उद्या मी गिअर बॉक्स आणि शाफ्ट खोलणार आहे. चावी खिशातून काढून टेबलावर ठेवली आहे, म्हणजे सकाळी शोधायला नको. शाफ्टमध्येही काही सापडेल की नाही, मला माहीत नाही. कदाचित तांडेलाच्या कानातच काही असेल, वय झालं आहे त्याचंही. तरी रविवारी त्या बोटीत माणसं बसणार आहेत, आणि आवाज ज्याला येतो तो 'येत नाही' म्हणेपर्यंत दोर ओढायचा नसतो. हे मला वाळूत कळलं, तुमच्या पाठीमागे उभा असताना.

फलकासाठी एक ओळ लिहिली आहे. 'रापणीवर मेस्त तांडेलाचं ऐकत.' शुद्धलेखन तपासलं आहे. चिरंजीव ती लावणार नाहीत. पण तुमच्याबद्दल चांगलं आणि खरं असं माझ्याकडे तेवढंच आहे. हे पत्र त्या ओळीच्या मागच्या बाजूला लिहायला घेतलं होतं, आता कागद बरेच झाले. ते मी जवळच ठेवीन.

एक सांगायचं राहिलं. काल इंजिनाचे सगळे भाग ताडपत्रीवर मांडून बसलो होतो. एकातही काही सापडत नव्हतं आणि फोन वाजत होता. तेव्हा मी वळून तुमच्या खुर्चीकडे पाहिलं. ती अजून तिथेच आहे, तिच्यात कुणी बसत नाही. तुम्ही तिथून, न उठता, न बघता, "काय एक झाला नाय, बंद कर ता," म्हणाला असतात, तर मी बंद केलं असतं. आणि मला फार बरं वाटलं असतं.